पार्कवर पहाटे पळणाऱ्या पोरांसाठी, त्यांच्या सरांना आणि प्राचार्यांना खुलं पत्र

सोलापुरातल्या सगळ्या सीनियर कॉलेजांचे प्राचार्य, राज्यशास्त्र आणि इतिहास शिकवणारे सर-मॅडम, आणि पार्क मैदानावर, होटगी रोडला, शहराबाहेरच्या माळावर पहाटे पोरं पळवणारे भरती अकॅडमीचे सर, तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मी तुमच्यातल्याच कुणाचा तरी विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही कारण पुढं एका कॉलेजची तक्रार येणार आहे आणि मला तिथल्या कुणाला उघडं पाडायचं नाहीये. वडील एसटीत कंडक्टर होते, आई अजूनही युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणाला बसते. मी गेली काही वर्षं दिल्लीत डिफेन्स अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करतोय, म्हणजे संरक्षण धोरणाचा अभ्यास करायचा, वाचायचं, आकडे तपासायचे, आणि ज्यांना निर्णय घ्यायचा असतो त्यांच्यासाठी लिहायचं. गल्लीत आई सांगते "मिलिटरीच्या ऑफिसात आहे". ऑफिस मिलिटरीचं नाही, पण तिला दुसरा शब्द कुणी दिलाच नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

मी पण पार्कवर पळालोय. दोन वर्षं, पहाटे साडेचारला घरातून निघायचं, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायचं म्हणून जीव काढायचा, घरी येऊन कडक भाकरी दुधात कुस्करून खायची आणि कॉलेजला जायचं. ग्राउंड निघालं. मेडिकलला एक डॉक्टर रंग ओळखता येतात का हे बघायला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरतात, ठिपक्यांत आकडा असतो तो वाचून दाखवायचा. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर मला नुसते ठिपके. त्यांनी पान उलटलं, परत ठिपके. ते काही बोलले नाहीत, फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली. घरी यायला मला संध्याकाळ झाली, सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बसून राहिलो होतो.

अकॅडमीच्या सरांनो, तुम्हाला हे नवीन नाही. दर भरतीला अशी पोरं परत येतात, कुणाची छाती भरत नाही, कुणाचे तळपाय सपाट, कुणाचं सगळं निघतं आणि मेरिटला अर्धा मार्क कमी पडतो. दोन-तीन वर्षं ज्या पोराच्या डोक्यात सैन्याशिवाय दुसरं काही नव्हतं त्याला आपण एका दिवसात सांगतो की विषय संपला. मी एका कॉलेजात करिअर गायडन्सचा बोर्ड बघून आत गेलो होतो आणि विचारलं होतं की सर, लढाई करणारे असतात तसे लढाईचा अभ्यास करणारे पण पगारी लोक असतात का, आणि त्याला काय शिकावं लागतं. सर म्हणाले, "अरे मेडिकलला गेलास ना, मग ते डोक्यातनं काढ आता, फॉर्म भर एमपीएससीचा." बाजूला बसलेले हसले. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना खरोखर वाटत होतं की असं काही नसतंच. हसण्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या एका उत्तरानं माझी तीन वर्षं गेली, तीन वर्षं मी ज्या परीक्षांत मन नव्हतं त्यांचे फॉर्म भरत बसलो. पुण्यात विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा अख्खा विभाग आहे, एमए करता येतं, त्याच विषयात प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा देता येते, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या सीटवर बसलेल्या एका अनोळखी मुलीकडनं कळलं. हुतात्मा तेव्हा सकाळी साडेसहाला सोलापूर सोडायची. म्हणजे चार तासांवर होतं सगळं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. तुम्ही म्हणाल सोलापूरचा आणि ह्या विषयाचा संबंध काय, इथं ना बॉर्डर ना कॅन्टोन्मेंट. मी म्हणतो सोलापूर हे ह्या विषयाचं पुस्तकच आहे, फक्त आपण ते उघडत नाही.

पार्कच्या शेजारचा भुईकोट किल्ला घ्या. सोळाव्या शतकात ह्या किल्ल्यापायी आदिलशाही आणि निजामशाही वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या, एका लग्नात सोलापूर आंदण द्यायचं ठरलं आणि दिलं नाही म्हणून लढाया झाल्या. मग पुढं चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून गेला, भांडण मिटलं, सुलतान एकत्र आले आणि १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळलं. एक किल्ला हातचा सोडायचा आणि त्याच्या बदल्यात मोठ्या शत्रूविरुद्ध दोस्त मिळवायचा, ह्याला स्ट्रॅटेजी म्हणतात. आपली पोरं त्या किल्ल्याच्या भिंतीला पाय लावून स्ट्रेचिंग करतात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही.

नळदुर्ग तर मनाला अजून जवळचं. पावसाळ्यात आपण सगळे तिथं पाणीमहाल बघायला आणि नर-मादी धबधब्याखाली फोटो काढायला जातो. माझ्या आजीचं माहेर नळदुर्गच्या अलीकडं, ती तेव्हा दहा वर्षांची होती, सांगायची की रात्रभर मोटारींचा आवाज, घरात दिवा लावू दिला नाही, आणि उजाडल्यावर रस्त्यानं रणगाडे चाललेले. १३ सप्टेंबर १९४८. हैदराबादची पोलीस अ‍ॅक्शन, ऑपरेशन पोलो. आपण १७ सप्टेंबरच्या भाषणात एक वाक्य ऐकतो आणि सोडून देतो. पण बघा ना, मुख्य चढाई सोलापूरहून का केली? आधी आखलेल्या प्लॅनमध्ये दोन मोठे रेटे होते, पूर्वेकडनं विजयवाड्याहून आणि पश्चिमेकडनं सोलापूरहून, आणि जास्त जोर सोलापूरचा, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली. सोलापूरला रेल्वे, म्हणजे रणगाडे, पेट्रोल, दारूगोळा सगळं गाडीनं उतरवता येणार. सोलापूरहून सरळ हैदराबादचा रस्ता. आणि त्या रस्त्यावर पहिलीच अडचण नळदुर्गची, बोरी नदीवरचा पूल. सप्टेंबर महिना, नदीला पाणी, पूल उडवला असता तर रणगाड्यांची सगळी रांग अडकली असती. म्हणून पहिल्या तासांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं तो पूल उडायच्या आत ताब्यात घेणं, सातव्या ब्रिगेडनं तो जसाच्या तसा धरला आणि मग नळदुर्ग पडलं.

आणि घाई फक्त पुलाची नव्हती. निजामानं ऑगस्टमध्येच तक्रार युनोच्या सुरक्षा परिषदेकडं नेली होती, तिथं चर्चा रंगायच्या आत मैदानावरचा निकाल लागणं गरजेचं होतं. कारवाईच्या दोनच दिवस आधी, ११ सप्टेंबरला, पाकिस्तानचे जीना वारले होते, म्हणजे तिकडनं निजामाला मदत यायची शक्यता त्या घडीला कमी होती. कारवाईला लढाई न म्हणता "पोलीस अ‍ॅक्शन" म्हटलं, ते नाव पण विचार करून दिलेलं, कारण लढाई दोन देशांत होते आणि पोलीस स्वतःच्या देशात जातात. पाच दिवसांत संपलं. हे पाच दिवस म्हणजे कित्येक महिन्यांचा कागदावरचा विचार होता.

पण विश्लेषकाचं काम इथं थांबत नाही, आणि मला हे मुद्दाम लिहायचंय. त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं त्याची चौकशी करायला सुंदरलाल समिती गेली होती, तिच्या अंदाजात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद होता. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आणि हे पण खरं. तो रिपोर्ट कितीतरी दशकं दाबून राहिला. सैन्य पाच दिवसांत जिंकतं पण सहाव्या दिवशी तिथं कायदा कुणी सांभाळायचा ह्याचा प्लॅन नसला तर काय होतं, हा प्रश्न आजही जगात प्रत्येक लढाईनंतर उभा राहतो. आपल्या पोरांना ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, तुळजापूर-उमरग्याच्या म्हाताऱ्या माणसांशी बोललं तरी पुरे. तीही माणसं आता फार राहिली नाहीत.

तुम्ही पोरांना शौर्याच्या गोष्टी सांगता, सांगायलाच पाहिजेत. पण एक गोष्ट कागदाची सांगा. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे, ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. १९५९ मध्ये त्यांनी लिहून दिलं होतं की चीननं ईशान्येकडनं चढाई केली तर कुठनं येईल, आपल्याकडं तिथं किती कमी आहे, आणि बचाव कुठल्या ओळीवर करायचा. नुसतं लिहून थांबले नाहीत, १९६० मध्ये लखनौला "लाल किल्ला" नावाचा सराव घेऊन दाखवलं. लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी तो प्लॅन वर पाठवला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनननी तो मानला नाही. थोरात १९६१ ला निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीय. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण कुणीतरी आधीच बरोबर सांगितलं होतं, आणि तो कागद पडून होता.

आणि मग बघा काय झालं. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. पण त्यांच्याच काळात ११ नोव्हेंबर १९६५ ला दिल्लीत एक संस्था निघाली हे किती जणांना माहितीय? इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसिस, आयडीएसए. लढायचं काम सैन्य करेल, पण शांतपणे बसून विचार करायला, सरकारला न आवडणारं पण लिहायला कुणीतरी पाहिजे म्हणून. २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. म्हणजे देशातल्या ह्या विषयातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेच्या सुरुवातीला एक मराठी माणूस आणि नावात एक मराठी-कोकणी माणूस, आणि मराठी पोरं तिच्या दारात दिसत नाहीत. मला दिसत नाहीत, मी तिथं सेमिनारला जातो तेव्हा बघतो, केरळ, मणिपूर, बिहार, हरियाणा सगळं असतं.

त्या संस्थेला घडवणारा माणूस के. सुब्रह्मण्यम. केमिस्ट्री शिकलेले, आयएएस, आयुष्यात कधी वर्दी घातली नाही, दोन वेळा मिळून चौदा-पंधरा वर्षं आयडीएसएचे डायरेक्टर. भारताकडं अण्वस्त्रं असावीत का, असली तर किती आणि कशासाठी, हा विषय त्यांनी लोकांत बोलायचा केला. १९९९ ला कारगिल झालं. मेंढपाळांनी आधी घुसखोर बघितले आणि मग यंत्रणा हलली, त्यामुळं चूक कुठं झाली हे शोधायला जुलै १९९९ मध्ये समिती नेमली, अध्यक्ष सुब्रह्मण्यम. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिपोर्ट हातात. त्या रिपोर्टवरनं मंत्रिगटाचा रिपोर्ट २००१ ला, त्यातनं २००२ ला डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी, २००४ ला एनटीआरओ ही तांत्रिक साधनांनी गुप्त माहिती काढणारी संस्था, आणि तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा ही शिफारस अमलात यायला मात्र १ जानेवारी २०२० उजाडलं, जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस झाले. सुब्रह्मण्यम तोवर नव्हते, ते २०११ ला गेले. ह्या कामात असंच असतं. आज लिहिलेलं वीस वर्षांनी उगवतं, कधी उगवतच नाही. ज्याला लगेच टाळ्या पाहिजेत त्यानं येऊ नये हे मी पोरांना स्पष्ट सांगेन.

रोजचं काम कसं असतं ते पण सांगतो, नाहीतर पोरांना वाटेल टीव्हीवर रात्री नऊला आरडाओरडा करतात ते हे काम. ते हे नाही. माझा पहिला महिना, मला अरुणाचलच्या पलीकडं चीन नवी गावं वसवतोय त्यावर एक पान लिहायला सांगितलं होतं. मी चार पानं लिहिली, सॅटेलाइट फोटो, रस्त्यांची लांबी, सगळं घातलं, फार खूश होतो. आमच्या वरच्या मॅडमनी, त्या केरळच्या, चारही पानांच्या समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहून परत दिला, "मग काय?" प्रत्येक परिच्छेदासमोर, "मग काय?" गाव वसवलं, मग काय? रस्ता आला, मग काय, सैन्य किती तासांत येईल, आपलं किती तासांत जाईल, पावसाळ्यात काय, ह्यातलं कशावर आपण पैसा खर्च केला तर फरक पडेल? नऊ वेळा लिहिलं मी ते पान. नवव्या वेळी ते पाऊण पान झालं होतं आणि त्याखाली मॅडमनी काही न लिहिता नुसती सही केली.

बाकी वाचन. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे रिपोर्ट, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे रिपोर्ट, बजेटच्या मागण्या, हे सगळं फुकट, नेटवर, कुणालाही वाचता येतं. २०१८ ला ह्याच समितीसमोर लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितलं होतं की सैन्याकडची ६८ टक्के साधनं जुनाट झालीत, २४ टक्के सध्याच्या काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. हे गुप्त नव्हतं, छापलेलं होतं. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, ऐकायला प्रचंड, पण त्यातले सुमारे १.६ लाख कोटी पेन्शनचे आणि नवीन शस्त्रं-साधनं ह्याच्या भांडवली खर्चाला १.८ लाख कोटी. पेन्शन द्यायलाच पाहिजे, तो त्यांच्या रक्ताचा हक्क आहे, आणि तोफा पण घ्यायलाच पाहिजेत, मग कसं बसवायचं, हे गणित करत बसणं म्हणजे माझी नोकरी. बारावी कॉमर्सचा चांगला पोरगा हे करू शकतो. राज्यशास्त्रवाल्यांनाच जमतं असं अजिबात नाही.

आता आईची गोष्ट. २०२० ला कॅगचा एक रिपोर्ट संसदेत आला, सियाचीनसारख्या उंच ठिकाणच्या जवानांचे कपडे, बूट, गॉगल ह्याबद्दल. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ जवानांना नवे मल्टिपर्पज बूट मिळालेच नाहीत, जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले. मी नंतर त्याच विषयावर एक नोट करत होतो आणि मला कळेचना की कागदावर ऑर्डर वेळेत गेलीय तरी माल एवढा उशिरा का येतो. सहज आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे ऑर्डर निघाली म्हणजे कापड आलं असं होतंय का? आधी सॅम्पल पास होऊ दे, मग तागे यायचे, दोन लॉटचा शेड जुळाला नाय तर मास्टर कटिंगलाच घेत नाय, आणि साईजचा हिशोब चुकला तर अख्खा लॉट माघारी. तुमच्या साहेबांनी तारीख कुठनं धरलीय, ऑर्डरची का कापडाची?" मी फोन ठेवला आणि नोट परत पहिल्यापासून लिहिली. तारीख कुठनं धरायची हाच प्रश्न होता, आणि तो आमच्या खोलीतल्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, सगळे मोठ्या विद्यापीठांतनं आलेले. रंगाचा शेड मला आयुष्यात दिसणार नाही, आईला तो कमी उजेडात पण कळतो, आणि तिला जे कळतं ते दिल्लीत कुणाला माहिती नाही.

सोलापूर युनिफॉर्म शिवतं. देशातल्या संरक्षण खात्याच्या खरेदीवर, कपड्यांच्या स्पेसिफिकेशनवर, उशिरावर अभ्यास करायला ह्याहून चांगलं शहर कुठलं? सरकारनं २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या, त्यातली एक, ट्रूप कम्फर्ट्स, कानपूरची, जवानांचे कपडेच बनवते. आपल्या एखाद्या एमकॉमच्या मुलीनं नुसता त्याच्यावर प्रोजेक्ट केला तरी तो दिल्लीत लोक मागून घेतील, मी स्वतः घेईन.

आणि भाषा. आपल्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चार भाषा चालतात, पोराला दहाव्या वर्षी तीन तरी कळतात. ह्या क्षेत्रात चिनी, उर्दू, फारसी, बर्मी येणारा माणूस मिळत नाही म्हणून लोक रडतात. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरचा डॉक्टर, १९३८ मध्ये चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथली भाषा शिकला, तिथंच लग्न केलं, आणि डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. चीनमधली माणसं अजून त्यांच्यासाठी सोलापूरला येतात. त्या स्मारकाच्या गावात चिनी भाषा शिकवणारा एक तरी नियमित वर्ग असावा असं तुम्हाला वाटत नाही का? मला ते फार वाटतं.

पैशाचं लपवत नाही. सुरुवातीला कमी मिळतात. रिसर्च असिस्टंटची नोकरी बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टची, दिल्लीत तिघांत एक खोली, मी दोन वर्षं घरी काही पाठवू शकलो नाही आणि त्याचं मला वाईट वाटायचं. पुढं फेलो झालं, नेट-पीएचडी झाली, की बरं होतं. काही जण विद्यापीठात शिकवतात, काही कंपन्यांत जातात, काही पेपरला डिफेन्स बीट करतात. आणि जी पोरं ऑफिसर होतात त्यांना पण हे सोडत नाही, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला, महूच्या वॉर कॉलेजला हेच शिकवतात, पुढं दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजला पण हेच. म्हणजे एसएसबीच्या, ऑफिसर निवडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या पोराला आत्ताच ह्याची सवय लागली तर त्याचा ग्रुप डिस्कशन पण सुधारेल, अकॅडमीच्या सरांचा त्यात सरळ फायदा आहे.

आता सगळ्यात घाईचं. सैन्यात चार वर्षांसाठी भरतीची अग्निपथ योजना जून २०२२ ला जाहीर झाली, पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत जातात. जास्तीत जास्त चौथा हिस्सा आत राहणार, बाकीची पोरं घरी येणार, बार्शी, माढा, मंगळवेढा, अक्कलकोट, सगळीकडं. योजना चांगली का वाईट ह्यावर माझं मत आहे पण ते इथं नको. ती पोरं पंचविशीच्या आसपासची असतील, चार वर्षं बर्फात, वाळवंटात, ड्युटीवर काढलेली. आपण त्यांना सिक्युरिटी गार्डच्या जाहिराती दाखवणार का? इग्नू ह्या मुक्त विद्यापीठानं त्यांच्यासाठी अशी डिग्री आणलीय ज्यात अर्धे क्रेडिट त्यांच्या नोकरीतल्या ट्रेनिंगचे धरतात. उरलेले अर्धे पुरे करायला त्यांना तुमच्या कॉलेजात एक टेबल, एक लायब्ररी कार्ड आणि कुणीतरी बोलणारं माणूस लागेल. ज्यानं लडाखला रात्रीची ड्युटी केलीय आणि ज्याला बजेटचा तक्ता वाचता येतो असा माणूस आमच्याकडं हजारात एक नाही. सोलापूर जिल्हा असे पन्नास देऊ शकतो.

प्राचार्य सर, मॅडम, नवीन विभाग काढायला मंजुरी लागते, पद लागतं, मला कळतं. मी विभाग मागत नाहीये. स्थायी समितीचे आणि कॅगचे दहा रिपोर्ट प्रिंट काढून लायब्ररीत एका रॅकवर ठेवा, खर्च एका स्नेहसंमेलनातल्या हारतुऱ्यांएवढा. करिअर गायडन्सच्या बोर्डवर पुण्याच्या विभागाची एक ओळ लिहा. इतिहासाच्या सरांनी ऑपरेशन पोलोचा एक तास वर्गात न घेता नळदुर्गला घ्यावा. आणि कुणी पोरगा येऊन विचारला की लढाईचा अभ्यास करणारे पगारी लोक असतात का, तर त्याला हो म्हणा, आणि माझा नंबर द्या. ज्या कॉलेजांना पाहिजे त्यांच्या ऑफिसात मी तो पाठवून ठेवतो.

मी दिवाळीला आठ दिवस घरी आहे. भाऊबीजेनंतरच्या रविवारी पहाटे पाचला मी पार्कवर येतो, अकॅडमीच्या सरांनी वॉर्मअपनंतर मला वीस मिनिटं द्यावीत. ज्यांना यायचंय त्यांना घेऊन त्याच दिवशी सकाळी नळदुर्गला जाऊ, एसटीचं भाडं मी बघतो, येताना प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं, पूल उडवला असता तर चौधरींनी काय करायला पाहिजे होतं. मराठीत लिहिलं तरी चालेल. मी सगळी पानं वाचणार आणि समासात पेन्सिलीनं लिहून परत देणार.

तुमचाच,
एक माजी विद्यार्थी, अशोक चौक